गौरीच्या पाठीमागचा फोटो
घरातल्या रीतिभाती छायाचित्रांतून कशा नोंदवाव्यात

आमच्या घरी मुखवट्यांच्या उभ्या गौरी असतात. वडोदऱ्यात आमची ही चौथी पिढी, आणि गौरी मांडण्याचे काम कित्येक वर्षे मोठ्या काकूंकडे होते. घरात डिजिटल कॅमेरा आला तेव्हापासून दरवर्षी फोटो काढायचे काम माझे. सजावट पूर्ण झाली, समया लागल्या, फराळाची ताटे मांडून झाली, की काकू हाक मारायच्या, "ये रे, आता काढ फोटो." मी समोर उभा राहून चार-पाच फोटो काढायचो आणि कॅमेरा ठेवून जेवायला बसायचो.

काकू गेल्या. एक वर्ष सण साधेपणानेच झाला. त्यापुढच्या भाद्रपदात माझी पत्नी आणि वहिनी गौरी उभ्या करायला बसल्या आणि तिथेच अडल्या. लोखंडी स्टँडला साडी नेसवायची कशी? निऱ्या आधी की पदर आधी? कमरेला भरीवपणा यावा म्हणून काकू आत काय बांधायच्या? हात कशाने अडकवायच्या? मी मोठ्या विश्वासाने म्हणालो, "थांबा, आपल्याकडे अकरा वर्षांचे फोटो आहेत." संगणक उघडला. चाळीसच्या वर फोटो निघाले, आणि सगळेच्या सगळे समोरून काढलेले, सजावट पूर्ण झाल्यानंतरचे. गौरी उभी कशी राहते, हे त्यातल्या एकाही फोटोत दिसत नव्हते.

शेवटी मदतीला आला तो एक फसलेला फोटो. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याने फोन खेळायला घेतला होता, तेव्हा त्याच्याकडून निघालेला. वाकडा, हललेला, कोपऱ्यात अर्धे बोट आलेले. पण त्यात पाठमोऱ्या काकू होत्या, मुखवटा न बसवलेली गौर होती, स्टँडच्या कमरेला गुंडाळलेला टॉवेल होता आणि त्यावर नाडीने बांधलेल्या निऱ्या होत्या. म्हणजे निऱ्या आधी. त्या फोटोवरून त्या वर्षी साडी नेसवली गेली. फोनमधली जागा मोकळी करताना हा फोटो मी दोन-तीनदा पुसायला निघालो होतो.

या अनुभवानंतर, लोकजीवनाचा अभ्यास करणारी मंडळी कॅमेरा कसा वापरतात याबद्दल मी थोडे वाचले आणि ते घरी करून पाहिले. आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हा लेख.

आठवणीचा फोटो आणि नोंदीचा फोटो

आपण सगळे काढतो तो आठवणीचा फोटो. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात, काम आटोपलेले असते, पसारा बाजूला सारलेला असतो. असे फोटो हवेतच. पण ते ज्यांना सगळे आधीच माहीत आहे त्यांच्यासाठी असतात.

नोंदीचा फोटो वेगळा. जो माणूस तिथे नव्हता, कदाचित जन्मलाही नव्हता, त्याला त्यातून कळले पाहिजे की काय चालले होते, कोण करत होते, कशाने आणि कोणत्या क्रमाने. मानवशास्त्राचे अभ्यासक एखाद्या समाजात राहून तिथल्या रोजच्या जगण्याची नोंद करतात, तेव्हा त्यांना असेच फोटो लागतात. आपण संशोधक नसलो तरी पद्धत तीच वापरता येते. शिवाय एक गोष्ट आपल्याकडे आहे जी बाहेरून आलेल्या अभ्यासकाकडे नसते : स्वयंपाकघरापर्यंत आपल्याला मुक्त प्रवेश आहे.

कॅमेरा आणि लोकजीवन : थोडा इतिहास

भारतात या कामाची सुरुवात फारशी निर्मळ नव्हती. १८५७ नंतर इंग्रज सरकारला आपल्या ताब्यातली प्रजा 'समजून' घ्यायची होती. त्यातून 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात ठिकठिकाणची माणसे कॅमेऱ्यासमोर बसवलेली दिसतात. बहुतेक फोटोंखाली जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, माणसाचे नाही. शेजारी त्या जमातीच्या स्वभावाबद्दल साहेबाचा शेरा. ज्याचा फोटो काढला त्याला काय वाटले, हे कोणी विचारलेच नाही. कॅमेरा ज्याच्या हातात, त्याचेच म्हणणे नोंदले जाते, हा त्यातला धडा.

याच सुमारास आपल्या शेजारच्या इंदूरमध्ये एक वेगळी गोष्ट घडत होती. तिथल्या बांधकाम खात्यात नोकरी करणाऱ्या लाला दीनदयाळ यांनी १८७०च्या दशकात छायाचित्रण सुरू केले. पुढे ते हैदराबादला निजामाच्या दरबाराचे छायाचित्रकार झाले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला, आणि तिथले काम स्त्रीच्याच हाती दिले. कोण फोटो काढते आहे यावर कोण फोटोत येऊ शकते हे ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

अभ्यासाचे साधन म्हणून कॅमेऱ्याचा सर्वांत प्रसिद्ध वापर केला तो ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड या दांपत्याने. १९३६ पासून ते बाली बेटावर राहिले आणि सुमारे २५,००० फोटो काढले. बेटसन फोटो काढायचे, त्याच वेळी मीड वहीत वेळ घालून टिपणे लिहायच्या. मूल आईच्या कडेवर कसे बसते, मोठी माणसे त्याला हाताला धरून नाच कसा शिकवतात, अशा साध्या गोष्टींचे एकामागून एक फोटो. १९४२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यातले ७५९ फोटो आहेत, आणि प्रत्येक पानासमोर त्यांची सविस्तर टिपणे. एकट्या फोटोवर त्यांनी भरवसा ठेवला नाही.

त्यानंतर जॉन कॉलियर यांनी १९६७ साली या पद्धतीवर एक पाठ्यपुस्तकच लिहिले. त्यांनी दाखवून दिले की फोटो काढणे हे निम्मेच काम आहे. तो फोटो लोकांपुढे ठेवून त्यांना बोलते करणे हे उरलेले निम्मे. नुसत्या प्रश्नांना जी उत्तरे मिळत नाहीत, ती फोटो समोर ठेवल्यावर आपसूक येतात.

आणि यासाठी आपल्याला बालीपर्यंत जायची गरज नाही. आपल्याच शहरातले, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत शिकलेले आणि तिथेच शिकवलेले चित्रकार ज्योती भट्ट यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गुजरात, राजस्थान आणि इतर प्रांतांतल्या गावोगावी फिरून भिंतीवरची चित्रे, अंगणातल्या रांगोळ्या आणि ती काढणाऱ्या बायका यांचे फोटो काढले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो पाहताना एक गोष्ट लक्षात येते. चित्राबरोबर त्यात घर असते, ओटा असतो, चित्र काढणारी बाई असते, कधी बाजूला बांधलेले जनावरही असते. ही कला कुठे राहते, हे त्यामुळे कळते. शेणाने सारवलेल्या त्यातल्या कितीतरी भिंती आज नाहीत. फोटो आहेत.

एक सण घ्या आणि टप्प्याटप्प्याने टिपा

सुरुवात एकाच गोष्टीने करावी. उदाहरण म्हणून गौरीच घेऊ. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन, असे तीन दिवस. घराघरांत फरक : कुणाकडे खड्याच्या गौरी, कुणाकडे तेरड्याच्या, कुणाकडे मुखवट्यांच्या. कुणाकडे उभ्या, कुणाकडे धान्याच्या डब्यावर बसवलेल्या. कुणी गौरी म्हणते, कुणी महालक्ष्म्या. हे फरकच तर नोंदवायचे आहेत.

• आधीची तयारी. माळ्यावरून उतरवलेली पेटी, जुन्या धोतरात गुंडाळलेले मुखवटे, चिंचेने घासायला काढलेली भांडी, बाजारातून आलेल्या पिशव्या. पेटी उघडतानाचा फोटो चुकवू नका. कोणती वस्तू कशात ठेवतात, तेही रीतीचाच भाग आहे.

• हात. चेहऱ्याइतकेच हातांचे फोटो काढा. वस्त्रमाळेचा कापूस वळणारे, पावले उमटवणारे, पुरण वाटणारे, निऱ्या घालणारे हात. कसब हातात असते. एका कृतीचे सहा-सात फोटो लागोपाठ घ्या. गुंतागुंतीची कृती असेल तर छोटा व्हिडिओ.

• तीन अंतरे. आधी लांबून संपूर्ण खोली, मग करणारी व्यक्ती आणि तिच्यासमोरचे काम, मग जवळून वस्तू. नुसत्या जवळच्या फोटोवरून ती वस्तू घरात कुठे होती हे कळत नाही.

• पाठीमागून. सजावटीच्या मागची बाजू, दोऱ्या, टाचण्या, टेकू, विजेच्या वायरी. हे मी का सांगतो आहे ते आता वेगळे सांगायला नको.

• नंतरचे. जेवणानंतरची उष्टी ताटे, वाटून दिलेला प्रसाद, विसर्जनानंतर पुन्हा गुंडाळले जाणारे मुखवटे. सण संपतानाही एक रीत असते.

काही गोष्टी मात्र फोटोत येतच नाहीत. गौर घरात आणताना दारापासून देवघरापर्यंत जी प्रश्नोत्तरे होतात, ती प्रत्येक घरी थोडी वेगळी असतात. थांबायचे कुठे, कोणत्या खोल्या दाखवायच्या, ताट-चमचा वाजवायचा की घंटा, हे सगळे आवाजात आहे. तेवढा वेळ फोनवर आवाज नोंदवा.

सणच हवा असेही नाही. दुपारचा चहा, पोळपाट-लाटणे, मिसळणाचा डबा, झोपाळ्यावर बसून निवडलेली भाजी, दारावरची पाटी, हे सगळे 'नेहमीचे' आहे म्हणून कुणी टिपत नाही, आणि तेच आधी नाहीसे होते. दांडिया बाजारातल्या आणि रावपुऱ्यातल्या वाड्यांतून फ्लॅटमध्ये आलेल्या किती कुटुंबांकडे वाड्यातल्या स्वयंपाकघराचा एक तरी फोटो आहे? माझ्याकडे नाही. चौकातले लग्नाचे फोटो वीस आहेत, चुलीचा एकही नाही.

फाफडा कापू नका

आता थोडे नाजूक. आपल्याकडे दसऱ्याला आपट्याची पाने वाटली जातात आणि त्याच सकाळी, साऱ्या वडोदऱ्याप्रमाणे, फाफडा-जिलेबीही येते. आमच्या जुन्या अल्बममध्ये दसऱ्याचा एक फोटो आहे. पाटावर सरस्वतीची पाटी, शेजारी आपट्याची पाने. फोटोच्या कडेला एका कागदाच्या पुड्याचा कोपरा दिसतो. मंडळाच्या एका प्रदर्शनासाठी हा फोटो देताना मी तो कोपरा कापला होता. 'मराठी' दिसावे म्हणून.

आज वाटते, कापायला नको होते. तो पुडा म्हणजे आमचा इथला इतिहास. दसऱ्याचे सोने महाराष्ट्रात सगळीकडे वाटतात. सोने आणि फाफडा एकाच पाटावर येतो तो आपल्यासारख्यांच्या घरी. संक्रांतीला गच्चीवर पतंग, खाली हळदीकुंकू, आणि जेवायला तिळगुळाच्या पोळीबरोबर उंधियू. दारावरची पाटी देवनागरीत आणि गुजरातीत. आईच्या हातची वाणसामानाची यादी, शब्द मराठी आणि लिपी गुजराती. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद इथल्या मराठी घरांतही अशा आपापल्या सरमिसळी असणारच.

हे कापून, पुसून आपण जी 'शुद्ध' मराठी संस्कृती फोटोत उभी करतो, ती आपली नसते. ती कुठल्या तरी मासिकाच्या मुखपृष्ठावरची असते. नोंद करणाऱ्याने आवराआवर करू नये. भिंतीवरचे कॅलेंडर, कोपऱ्यातला मिक्सर, शेजारच्या बेनने आणून दिलेला ढोकळ्याचा डबा, सगळे राहू द्यावे. तीस वर्षांनी लोक आधी तेच बघतील.

विचारल्याशिवाय नाही

घरचेच आहेत म्हणून परवानगी गृहीत धरू नये. कुळाचारातल्या काही गोष्टींचे फोटो काही घरांत चालत नाहीत. तिथे कॅमेरा खाली ठेवावा आणि वहीत फक्त एवढे लिहावे : 'या विधीचे फोटो घेत नाहीत.' ही पण नोंदच आहे.

हळदीकुंकवासारख्या बायकांच्या कार्यक्रमात पुरुषाने कॅमेरा घेऊन फिरण्यापेक्षा घरातल्या मुलीच्या हाती तो द्यावा. दीनदयाळांनी सव्वाशे वर्षांपूर्वी जे ओळखले ते आजही खरे आहे. आमच्या पुतणीने काढलेल्या फोटोंत बायका हसताना, एकमेकींच्या साड्यांना हात लावून पाहताना दिसतात. माझ्या फोटोंत त्या रांगेत उभ्या असतात.

हळदीकुंकवाला कोणाला बोलावले जात नसे, हेही विसरता कामा नये. आमच्या जुन्या फोटोंत माझ्या विधवा आत्या कुठेच नाहीत. त्या दिवशी त्या घरातच होत्या, आत पन्हे गाळत होत्या. आता काही घरांनी ही रीत मोडली आहे. कोणत्या साली मोडली, कोणी पुढाकार घेतला, हे लिहून ठेवण्यासारखे आहे.

घरी कामाला येणाऱ्या मावशी, पोळ्या करायला येणाऱ्या बाई, फुले देणारे काका यांच्याशिवाय आपला सण होत नाही. त्यांनाही विचारून फोटो घ्या आणि त्यांची चालत असेल तर नावे लिहा. नाहीतर साहेबाने आठ खंडांत जे केले तेच आपण आपल्या स्वयंपाकघरात करू.

आणि फोटो काढायला 'हो' म्हणजे फोटो सगळीकडे पाठवायला 'हो' नव्हे. ते वेगळे विचारावे. लहान मुलांचे, आजारी माणसांचे, आणि अंगावर खरे दागिने घातलेल्या गौरीचे दारावरच्या पाटीसकट फोटो इंटरनेटवर टाकताना दोनदा विचार करावा.

फोटोबरोबर टिपण

टिपण नसलेला फोटो एका पिढीनंतर मुका होतो. प्रत्येक फोटोसाठी नको, पण प्रत्येक प्रसंगासाठी अर्धे पान लिहा : तारीख आणि तिथी, घर आणि खोली, कोण कोण होते आणि त्यांचे नाते, काय चालले होते, फोटो कोणी काढला. स्थानिक शब्द जसेच्या तसे लिहा. आपल्या घरी ज्या भांड्याला जे म्हणतात तेच, पुस्तकातले नको. आमच्या वहीतले एक टिपण नमुन्यादाखल :

'आवाहन, संध्याकाळी साडेसहा. वहिनीने थोरली गौर आणली, धाकटी माझ्या पत्नीने. पावले कुंकवाची, कारण आईच्या माहेरी तशी; काकू रांगोळीची काढत असत. यंदा लिफ्टने वर आणली. लिफ्टमध्ये बोलायचे नाही असे आजीने ठरवले.'

शेवटची ओळ वाचून घरात सगळे हसले. पण ही रीत कधी आणि कशी सुरू झाली, हे आमच्या नातवंडांना कळेल.

जुन्या अल्बमांचे काय?

आधी पूर्ण पानाचा फोटो घ्या, मग एकेका फोटोचा. कोणता फोटो कोणाशेजारी लावला होता, खाली काय लिहिले होते, त्यालाही अर्थ असतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, तिथेच ठेवून त्याची प्रत घ्या. सुटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजूही. स्टुडिओचा शिक्का किंवा कुणाचे हस्ताक्षर तिथेच सापडते. मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन नको, चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच. स्कॅन झाले म्हणून मूळ फोटो टाकू नका.

मग तो फोटो घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवा. "ही कोण?" असे विचारले तर एक नाव मिळते आणि बोलणे संपते. "यात काय चाललंय?" असे विचारले तर गोष्ट मिळते. शक्य असेल तर दोघांना एकत्र बसवा. आमच्या आजी आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई एका डोहाळजेवणाच्या फोटोवरून अर्धा तास वाद घालत होत्या, ते कुणाचे यावर. दोघींची म्हणणी लिहून ठेवली आहेत. कोण बरोबर ते ठरवण्याची घाई केली नाही.

जपणूक

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यात साठवलेली तारखेची माहितीही जाते. नातेवाइकांकडून फोटो मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असे सांगा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग प्रसंग, मग क्रमांक घाला, म्हणजे सगळे आपोआप ओळीने लागतात. तीन प्रती ठेवा : एक संगणकावर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा लेकीकडे. आणि हललेले, वाकडे फोटो लगेच पुसू नका. निदान घरातल्या जाणत्या माणसाला एकदा दाखवल्याशिवाय तरी नाही.

गेल्या वर्षी मी समोरून फक्त दोन फोटो काढले. बाकीचा वेळ गौरींच्या मागे, भिंतीला पाठ लावून बसलो होतो. वहिनी निऱ्या घालत होत्या आणि माझी पुतणी नाडी धरून उभी होती. मध्येच वहिनी म्हणाल्या, "अहो, मागून काय काढता? समोर या की, चेहरा तरी येईल." मी म्हटले, "चेहरा सगळ्यांना माहीत आहे."

येत्या सणाला आपणही एक फोटो मागून काढून पाहा.